मृतांचा हिशेब आणि टाळेबंदीची किंमत : महामारीचे आकडे कसे वाचावेत?

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ नोव्हेंबर रोजी आपण दफनभूमीत जातो, कबरींची झाडलोट करतो, मेणबत्त्या लावतो आणि आपल्या दिवंगतांना चिरशांती लाभावी म्हणून मिस्साबलिदान अर्पण करतो. आपल्या मराठवाड्यातील धर्मग्रामांतून या दिवशी जी नावे वाचली जातात, त्यांत २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत गेलेल्यांची नावे आली की क्षणभर सर्वांचाच आवाज खाली येतो. कोणाचे वडील प्राणवायूअभावी गेले, कोणाच्या आईचे अंत्यदर्शनही घडले नाही, तर कोणाचा भाऊ आजाराने नव्हे, पण घराकडे परतताना वाटेत गेला.

दफनभूमीतून परत येताना मात्र चर्चा सुरू होते. एक जण म्हणतो, "स्वीडनने टाळेबंदी केलीच नाही, तरी तेथे काही आभाळ कोसळले नाही." दुसरा म्हणतो, "आपल्याकडे कडक टाळेबंदी झाली म्हणूनच अमेरिकेपेक्षा आपले मृत्यू कितीतरी कमी." तिसरा म्हणतो, "रोगापेक्षा टाळेबंदीनेच जास्त माणसे मारली." तिघेही आकड्यांचा आधार घेतात आणि तिघांनाही आपला आकडा खरा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्यानंतर बरीच माहिती उजेडात आली असून हा विषय आता शांतपणे समजून घेणे शक्य झाले आहे. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे.

मृत्युदर म्हणजे नेमके काय?

वृत्तपत्रांत 'मृत्युदर' हा एकच शब्द दोन निराळ्या अर्थांनी वापरला गेला आणि तेथूनच गोंधळास प्रारंभ झाला. पहिला अर्थ असा, की तपासणीत जे बाधित आढळले त्यांच्यापैकी किती दगावले. समजा, हजार वस्तीच्या एका गावात दोघे दगावले. तपासणी केवळ वीस जणांची होऊन ते सर्व बाधित निघाले असतील तर हा दर शंभरास दहा भरतो. त्याच गावात दोनशे बाधित शोधून काढले असते तर तो शंभरास एक झाला असता. मृत्यू तेवढेच, पण तपासणी वाढली की दर खाली येतो. त्यामुळे या दरावरून एका देशाची दुसऱ्या देशाशी तुलना करणे म्हणजे दोन निराळ्या मापांनी धान्य मोजण्यासारखे आहे.

दुसरा अर्थ म्हणजे एकूण लोकसंख्येच्या प्रमाणात झालेले मृत्यू. हे माप अधिक बरे. सरकारी नोंदींनुसार भारतात सुमारे ५ लाख ३३ हजार व्यक्ती कोविडने दगावल्या, म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ३८. अमेरिकेत हा आकडा साडेतीनशेच्या आसपास, इटलीत तीनशेच्या वर आणि दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशात सहाशेच्या वर जातो. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. तेवढ्या लोकसंख्येला हे दर लावले, तर भारताच्या दराने सुमारे ७००, अमेरिकेच्या दराने सहा हजारांहून अधिक आणि पेरूच्या दराने अकरा हजारांहून अधिक मृत्यू होतात.

एवढ्यावरून भारताने महामारी अमेरिकेपेक्षा नऊ पट चांगली हाताळली असा निष्कर्ष काढावा काय? उत्तर देण्यापूर्वी आपल्याच देशातील दोन राज्यांकडे पाहू.

केरळ आणि बिहार

सरकारी नोंदींनुसार केरळमध्ये कोविडने सुमारे ७२ हजार आणि बिहारमध्ये सुमारे १२ हजार व्यक्ती दगावल्या. केरळची लोकसंख्या साडेतीन कोटींच्या आसपास आहे, तर बिहारची बारा कोटींच्या वर. म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे केरळमध्ये सुमारे २०० आणि बिहारमध्ये सुमारे १० मृत्यू झाले. आपल्या महाराष्ट्रात सुमारे १ लाख ४८ हजार मृत्यू नोंदले गेले. हे प्रमाण दर लाखामागे १२० च्या आसपास आहे.

केवळ हे आकडे पाहिले तर बिहारची आरोग्यव्यवस्था केरळच्या वीस पट उत्तम ठरेल. दोन्ही राज्ये पाहिलेला कोणीही हे मान्य करणार नाही. मग हे असे का झाले? त्याची दोन मुख्य कारणे आहेत.

पहिले कारण नोंदणीचे. केरळमध्ये जवळजवळ प्रत्येक मृत्यूची नोंद होते. एवढेच नव्हे, तर ऑक्टोबर २०२१ नंतर त्या राज्याने जुनी कागदपत्रे तपासून आधी सुटलेले हजारो मृत्यू आपल्या यादीत घातले. बिहारमध्ये महामारीपूर्वी होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपासच मृत्यूंची नोंद होत असे. जून २०२१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली फेरतपासणी झाली, तेव्हा एका दिवसात जवळजवळ चार हजार मृत्यू वाढवावे लागले आणि राज्याचा आकडा सुमारे साडेपाच हजारांवरून साडेनऊ हजारांच्या जवळ पोहोचला.

दुसरे कारण वयाचे. कोविडचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो. ऐंशी वर्षांवरील व्यक्तीस तो विशीतील तरुणाच्या शेकडो पट असतो. केरळमध्ये वृद्धांचे प्रमाण देशात सर्वाधिक, तर बिहारमध्ये बालके व तरुण अधिक. हीच गोष्ट देशांनाही लागू पडते. इटलीतील जवळजवळ दर चौथी व्यक्ती पासष्टीच्या पुढची आहे, तर भारतातील निम्मी लोकसंख्या तिशीच्या आतली आहे. म्हणून एकच विषाणू, एकच औषध आणि एकच डॉक्टर असले तरी इटलीत मृत्यू अधिक होणारच. वयाची ही तफावत विचारात न घेता केलेली तुलना न्याय्य ठरत नाही.

दफनभूमी खोटे बोलत नाही

नोंदी अपुऱ्या असतील तर खरा आकडा कळावा कसा? यासाठी अभ्यासक 'अतिरिक्त मृत्यू' ही पद्धत वापरतात. ती समजण्यास सोपी आहे. एखाद्या धर्मग्रामात दर वर्षी सरासरी वीस दफनविधी होतात असे समजा. एखाद्या वर्षी ते पन्नास झाले, तर तीस मृत्यू अतिरिक्त झाले. मृत्यूच्या दाखल्यावर कारण कोणतेही लिहिलेले असो, त्या वर्षी काहीतरी विपरीत घडले हे उघड होते.

इटलीतील बेर्गामो प्रांतात मार्च २०२० मध्ये हेच दिसून आले. शवपेट्या नेण्यासाठी तेथे लष्कराची वाहने आली आणि त्या धर्मप्रांतातील वीसच्या आसपास धर्मगुरूही त्या काळात दगावले. पुढे इटलीच्या सांख्यिकी संस्थेने सर्व मृत्यूंची मोजणी केली, तेव्हा त्या एका महिन्यातील मृत्यू आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीच्या सहा पटींहून अधिक असल्याचे आढळले.

आपल्याकडेही असा अनुभव जुना आहे. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरातून देशभर पसरली. परभणी जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि खेड्यापाड्यांतील मृत्यूंची नोंद अत्यंत तुटपुंजी होती. साथीने किती घरे ओस पाडली याचा अंदाज आला तो जनगणनेतून. १९११ मध्ये संस्थानची लोकसंख्या १ कोटी ३३ लाखांच्या वर होती, ती १९२१ मध्ये १ कोटी २५ लाखांच्या आत आली. त्यात दुष्काळाचाही वाटा होता. संपूर्ण भारतात त्या साथीने सव्वा ते दोन कोटी माणसे दगावली असावीत असे अभ्यासक मानतात. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत.

कोविडच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये आपला अंदाज प्रसिद्ध केला. २०२० व २०२१ या दोन वर्षांत जगभर सुमारे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यू झाले, त्यांपैकी सुमारे ४७ लाख भारतात, असे त्यात म्हटले होते. त्याच मुदतीत भारताचा सरकारी आकडा ४ लाख ८१ हजार होता. भारत सरकारने संघटनेच्या गणिती पद्धतीस तीव्र हरकत घेतली. पुढे मे २०२५ मध्ये सरकारच्याच नागरी नोंदणी यंत्रणेचा २०२१ चा अहवाल प्रसिद्ध झाला. देशात नोंदले गेलेले एकूण मृत्यू २०१९ मध्ये सुमारे ७६ लाख होते. ते २०२० मध्ये सुमारे ८१ लाख झाले आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाखांवर गेले. एका वर्षातील ही वाढ २१ लाखांची आहे. त्या वर्षी कोविडचे म्हणून जाहीर झालेले मृत्यू साडेतीन लाखांच्या आतच होते.

येथे दोन्ही बाजूंनी सावधगिरी हवी. ही सर्व २१ लाख माणसे कोविडनेच गेली असे म्हणता येत नाही, कारण नोंदणीचे प्रमाणही वर्षागणिक सुधारत होते आणि इतर आजारांवर उपचार न मिळाल्यानेही अनेक जण दगावले. परंतु सरकारी यादीत आहेत तेवढेच मृत्यू झाले, असेही आता म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये साहाय्य देण्याचा मार्ग मोकळा केला, तेव्हा गुजरातमध्ये सरकारी आकडा दहा हजारांच्या आसपास असताना ६८ हजारांहून अधिक अर्ज मंजूर झाले. महाराष्ट्रातही अर्जांची संख्या जाहीर मृत्यूंपेक्षा बरीच अधिक होती. तात्पर्य, 'आपल्याकडे मृत्यू अमेरिकेच्या नवव्या हिश्श्याने झाले' या विधानाचा पायाच कच्चा आहे.

टाळेबंदीने प्राण वाचले काय?

रोग एकापासून दुसऱ्यास होतो, त्यामुळे माणसे एकमेकांपासून दूर राहिली की त्याचा वेग मंदावतो, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. टाळेबंदी रोग बरा करीत नाही, ती वेळ मिळवून देते. त्या वेळेत रुग्णालये, प्राणवायू, तपासण्या आणि लस यांची तयारी झाली तर प्राण वाचतात. तसे झाले नाही तर संकट फक्त पुढे ढकलले जाते.

न्यूझीलंडने मार्च २०२० मध्ये सीमा बंद केल्या आणि सुमारे पाच आठवडे कडक टाळेबंदी पाळली. समुद्राने वेढलेल्या त्या लहानशा देशाने रोग जवळजवळ संपवला, लस येईपर्यंत तो बाहेर रोखून धरला आणि त्या दोन वर्षांत तेथे अतिरिक्त मृत्यू जवळजवळ झालेच नाहीत.

पेरूनेही त्याच महिन्यात टाळेबंदी केली आणि तीही दक्षिण अमेरिकेतील सर्वांत आधीच्या व सर्वांत कडक टाळेबंद्यांपैकी एक होती. तरीही लोकसंख्येच्या प्रमाणात जगातील सर्वाधिक मृत्यू तेथेच नोंदले गेले. तेथील बहुसंख्य श्रमिक रोजंदारीवर जगतात. निम्म्याच्या आसपास घरांत शीतकपाट नव्हते, त्यामुळे दर एक-दोन दिवसांनी गर्दीच्या बाजारात जावे लागे. सरकारी मदतीचे पैसे काढण्यासाठी बँकांसमोर रांगा लागत आणि त्या रांगांतूनच रोग घरोघरी जाई. पुढे प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी माणसे रात्र रात्र उभी राहिली. हातावर पोट असणाऱ्यांचा देश केवळ आदेशाने घरात बसू शकत नाही, हे पेरूच्या उदाहरणावरून कळते. आपल्याला ते समजण्यास कठीण नाही.

आता स्वीडन. त्या देशाने सक्तीची टाळेबंदी केली नाही हे खरे, पण मोठ्या सभा व वृद्धाश्रमांतील भेटी बंद होत्या आणि पुष्कळ लोकांनी स्वतःहून प्रवास व भेटीगाठी टाळल्या. २०२० च्या अखेरीस तेथील मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या नॉर्वेच्या सुमारे दहा पट होते. वृद्धाश्रमांतील माणसांचे रक्षण करण्यात आपण अपयशी ठरलो असे तेथील चौकशी आयोगानेच म्हटले. परंतु २०२० ते २०२२ ही तीन वर्षे एकत्र मोजली, तर स्वीडनमधील अतिरिक्त मृत्यू युरोपातील बहुतेक देशांपेक्षा कमी ठरतात. म्हणजे कोणत्या तारखेला तुलना केली यावर उत्तर बदलते. शिवाय तेथे आजारी पडलेल्या कामगारास घरी बसून वेतनाचा मोठा भाग मिळतो. गंगाखेडच्या बांधकामावरील मजुराला किंवा सेलूच्या हमालाला ती सोय नाही. त्यामुळे स्वीडनचा कित्ता आपल्याला जसाच्या तसा गिरवता आला नसता आणि न्यूझीलंडचाही नाही.

ज्यांचे मृत्यू कोविडच्या यादीत नाहीत

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता संपूर्ण देशात २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून ती लागूही झाली. मध्ये फक्त चार तास होते. जगातील सर्वांत कडक टाळेबंद्यांत तिची गणना होते. पुढे ती ३१ मेपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढत गेली. आठवडी बाजार बंद झाले, कापसाची खरेदी पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रखडली, भाजीपाला शेतातच सडला. मराठवाड्यातील एक लाखाहून अधिक ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले. एप्रिलच्या मध्यानंतर तपासणी करून त्यांना गावी परतण्याची परवानगी मिळाली.

परभणी-मनमाड लोहमार्गावर बदनापूर व करमाड या स्थानकांदरम्यान ८ मे २०२० च्या पहाटे जे घडले ते आपण विसरता कामा नये. जालन्यातील एका पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर श्रमिक रेल्वे मिळेल या आशेने लोहमार्गाच्या कडेने भुसावळकडे पायी निघाले होते. रात्रभर चालून थकल्यावर, गाड्या बंद आहेत अशा समजुतीने, ते रुळांवरच झोपी गेले. पहाटे आलेल्या मालगाडीखाली सोळा जणांचा अंत झाला. त्यांनी वाटेसाठी बांधून घेतलेल्या पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या. त्यांचे छायाचित्र देशाने पाहिले.

हे सोळा जण कोविडच्या कोणत्याही तक्त्यात नाहीत. त्यांना रोग झालेला नव्हता. देशांची तुलना करणारा अभ्यासक भारताचा कोविड मृत्युदर काढतो तेव्हा हे सोळा जण त्याच्या नजरेस पडत नाहीत. ते एकटेही नव्हते. एक कोटीहून अधिक स्थलांतरित श्रमिक आपापल्या राज्यांत परतले असे केंद्र सरकारने पुढे संसदेत सांगितले, पण वाटेत किती जण मरण पावले, याची माहिती उपलब्ध नसल्याचेही सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत सांगितले गेले. म्हणून 'टाळेबंदीने रोगापेक्षा अधिक माणसे मारली' असे म्हणणाऱ्याकडे पुरावा नाही आणि 'टाळेबंदीने कोणाचे काही बिघडले नाही' असे म्हणणाऱ्याकडेही नाही. ज्यांची मोजणीच झाली नाही, त्यांच्या नावाने कोणीही ठामपणे बोलू शकत नाही.

टाळेबंदीची किंमत अन्य मार्गांनीही मोजावी लागली. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पन्न आधीच्या वर्षाच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी घटले. क्षयरोगाचे २०१९ मध्ये सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, ते २०२० मध्ये १८ लाखांवर आले. क्षयरोग कमी झालेला नव्हता. दवाखान्यापर्यंत पोहोचणारे रुग्ण कमी झाले होते, आणि उपचाराविना राहिलेला क्षयरोगी स्वतः दगावतो व घरातील इतरांनाही बाधित करतो. महाराष्ट्रातील ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. तोवर त्या मुलांची जवळजवळ दोन शैक्षणिक वर्षे गेली होती. देशभरातील ग्रामीण मुलांच्या 'असर' पाहणीत तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०१८ मधील २७ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २० टक्क्यांच्या आसपास घसरले. ज्या घरात भ्रमणध्वनी एकच होता, तेथे तो बहुधा वडिलांबरोबर बाहेर जाई किंवा मुलाच्या हाती पडे. मुलीचा अभ्यास मागे राही.

याच संदर्भात आपल्या जिल्ह्याचा एक आकडा वारंवार सांगितला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील ४८ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेले होते. हा आकडा टाळेबंदीचा परिणाम म्हणून पुढे केला जातो, पण महाराष्ट्रातील ती पाहणी २०१९ मध्ये, म्हणजे महामारीच्या आधी झाली होती. टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, कमाई थांबली, चार माणसांत लग्न उरकणे स्वस्त झाले आणि बालविवाहांना अनुकूल परिस्थिती निर्माण झाली हे खरे. तथापि ४८ टक्के हे आपले आधीपासूनचे दुखणे आहे आणि त्याचा दोष महामारीवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

एकाच राज्यातील दोन टाळेबंद्या

निर्णय घेणारेही अनुभवातून शिकतात. दुसऱ्या लाटेची चाहूल लागताच मार्च २०२१ च्या अखेरीस परभणी, बीड, नांदेड या जिल्ह्यांत स्थानिक पातळीवर टाळेबंदी झाली आणि १४ एप्रिलपासून राज्यभर कडक निर्बंध लागू झाले. या वेळी कारखाने व बांधकामे काही अटींवर सुरू राहिली. निर्बंध जाहीर करतानाच राज्य शासनाने सुमारे ५,४७६ कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली. त्यात मोफत शिवभोजन थाळी होती, तसेच नोंदणीकृत बांधकाम कामगार, फेरीवाले व परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. ही मदत अपुरी होती आणि नोंदणी नसलेल्यांपर्यंत ती पोहोचलीच नाही. तरीही दरवाजा बंद करण्याआधी आतल्या माणसाच्या भाकरीचा विचार करावा लागतो, एवढे या वेळी मान्य झाले होते. २०२० मधील मोफत धान्य योजना आणि त्या वर्षी साडेसात कोटी कुटुंबांना मिळालेले रोजगार हमीचे काम यांमुळेही पुष्कळ चुली पेटत्या राहिल्या, हे नमूद केले पाहिजे.

दाविदाची मोजदाद

पवित्र शास्त्रात शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथातील चोविसाव्या अध्यायात मोजदाद आणि महामारी एकत्र येतात. दावीद राजा आपले सामर्थ्य किती हे पाहण्यासाठी लढवय्यांची गणती करवतो आणि त्यानंतर आलेल्या मरीत सत्तर हजार माणसे मृत्युमुखी पडतात. हा अध्याय मोजदादीचा निषेध करतो असे काहींना वाटते. परंतु राजाचे डोळे उघडतात ते मरणारी माणसे पाहून. या मेंढरांचा काय अपराध, शिक्षा मला व्हावी, अशी विनवणी तो देवाकडे करतो. पुढे यबूसी माणसाच्या खळ्यावर वेदी बांधण्याची आज्ञा होते, तेव्हा खळ्याचा मालक जागा, बैल, लाकूड सारे फुकट देऊ करतो. दावीद ते नाकारतो. ज्यासाठी स्वतःला काहीच मोजावे लागले नाही असे अर्पण देवाला करण्याची त्याची तयारी नसते, म्हणून तो चांदीची नाणी मोजून खळे विकत घेतो.

महामारीच्या काळातील प्रत्येक निर्णयाला हा प्रश्न विचारता येतो : याची किंमत कोणी मोजली? ज्यांचे मासिक वेतन चालू राहिले, ज्यांच्या घरात धान्याचे पोते होते, त्यांनी टाळेबंदीचे समर्थन करणे सोपे होते. रोजंदारीवरच्या माणसाने तिची किंमत मोजली. उलट, 'सर्व काही खुले ठेवा, जे जगतील ते जगतील' असे म्हणणेही धडधाकट तरुणास सोपे होते. त्याची किंमत घरातील आजी-आजोबांनी व आजाऱ्यांनी मोजली असती. दुसऱ्याच्या जिवावर किंवा दुसऱ्याच्या भाकरीवर केलेला त्याग ख्रिस्ती त्याग होत नाही.

४ नोव्हेंबर हा संत चार्ल्स बोरोमिओ यांचा सण. १५७६ मध्ये मिलान शहरात प्लेगची साथ आली तेव्हा ते तेथील आर्चबिशप होते. लोकांना घरातच थांबण्याचा आदेश निघाला, त्यास त्यांनी विरोध केला नाही. मात्र चौकाचौकांत वेद्या उभारून त्यांनी अशी व्यवस्था केली, की घरात कोंडलेल्या माणसाला खिडकीतून मिस्साबलिदानात सहभागी होता यावे. स्वतःच्या निवासातील पडदे व गालिचे देऊन गरिबांसाठी कपडे करवले, हजारो लोकांच्या अन्नाची तजवीज केली आणि धर्मगुरूंना रुग्णांकडे पाठवताना स्वतःही गेले. रोगापासून बचाव आणि गरिबांचा सांभाळ यांपैकी एकाचीच निवड करावी लागते, असे त्यांनी मानले नाही.

आपण काय करू शकतो?

देशांच्या तुलनेचा वाद विद्वान पुढेही चालवतील. परंतु त्यांच्या हिशेबाचा कच्चा माल आपल्या गावातूनच जातो. भारतात होणाऱ्या नोंदणीकृत मृत्यूंपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या मृत्यूंचेच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले असते. बाकीचे कशाने गेले हे कागदावर कोठेच नसते. म्हणून घरात मृत्यू झाल्यास २१ दिवसांच्या आत गावात ग्रामपंचायतीकडे, शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडे त्याची नोंद करावी. या मुदतीत नोंदणीला शुल्क नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. शेतात राबणाऱ्या विधवेला पुढे वारसा, निवृत्तिवेतन वा साहाय्य मिळवताना हा कागदच उपयोगी पडतो.

ख्रिस्तसभेने ही शिस्त फार पूर्वी अंगीकारली. १६१४ मध्ये रोमहून निघालेल्या विधिग्रंथाने धर्मग्रामात मृतांची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले आणि आजही प्रत्येक धर्मगुरूस ती ठेवावी लागते. त्या वहीत जमीनदाराला आणि सालगड्याला सारखीच एक ओळ मिळते. आपल्या धर्मग्रामांनी या नोव्हेंबरात २०२० व २०२१ ची पाने पुन्हा एकदा तपासून पाहावीत. परगावी दफन झालेले, रुग्णालयातूनच परस्पर अंत्यविधी झालेले, परतीच्या वाटेवर गेलेले, अशा कोणाचे नाव राहून गेले असल्यास कुटुंबीयांनी ते धर्मगुरूंना कळवावे, म्हणजे मृतांच्या मिस्सेत त्यांचेही स्मरण करता येईल.

आणि पुन्हा कधी अशी वेळ आली, तर घराची दारे बंद होण्याआधी आपल्या वस्तीत कोणाकडे आठवड्याचे धान्य नाही, कोणाची औषधे संपत आली आहेत, कोणाचा मुलगा दूरच्या कारखान्यात अडकला आहे, याची यादी प्रत्येक धर्मग्रामाजवळ तयार असावी. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, महिला मंडळे व युवक यांनी ही यादी शांततेच्या काळातच करून ठेवणे इष्ट होय.

आपल्या डोक्यावरचे केसही देवाने मोजलेले आहेत, असे प्रभू येशूने शिष्यांना सांगितले. करमाडजवळच्या रुळांवर झोपलेले सोळा जण, १९१८ च्या साथीत निनावी गेलेली आपली पणजोबांची पिढी आणि बिहारच्या यादीत उशिरा आलेली चार हजार माणसे त्याच्या हिशेबातून कधीच सुटली नव्हती. या महिन्यात मृतांसाठी प्रार्थना करताना या सर्वांची आठवण ठेवू या. हे प्रभो, त्यांना चिरशांती दे आणि आम्हांस एकमेकांचा हिशेब प्रामाणिकपणे ठेवण्याची सद्बुद्धी दे. आमेन.